एनिसचा आपला माणूस

ल्यूकन, डब्लिन
१२ मार्च २०१८

तीर्थस्वरूप पुरुषोत्तमकाकांना,

ल्यूकनहून अनिमेषचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द अक्षरशः घ्यावा. गेल्या आठवड्यात दारातल्या बर्फावरून पाय घसरला आणि आठही अंगं एकदम जमिनीला टेकली. तोंड पूर्वेला, म्हणजे साधारण पुण्याकडेच होतं, तेव्हा तो नमस्कार तुमच्या नावावर जमा करून घ्यावा.) तुमची साखर आटोक्यात आहे हे वाचून बरं वाटलं. काकूंचा गुडघा तसाच आहे हे वाचून वाईट वाटलं. आणि तुझी कंपनी गुडघेच बनवते तर घरच्या माणसाला एक पाठवता येत नाही का, हा तुमचा प्रश्न वाचून आमची रेवासुद्धा हसली. (तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती इंग्रजीतच देते, तेही इथल्या सुरात. त्यामुळे ती तुमच्याबद्दल काय म्हणाली हे मी सांगू शकतो, पण सांगत नाही.)

तुम्ही पत्रात दोन गोष्टी विचारल्या आहेत. एक, परेशचं काय चाललंय, सांगलीच्या स्थळाचा फोटो त्याने पाहिला का आणि पाहिला असेल तर चिरंजीव गप्प का. दोन, माझी नोकरी पक्की झाली का. सोयीसाठी मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. (सोय माझी आहे.) हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण उभी हयात पाटबंधारे खात्यात गेल्यामुळे तोंडी सांगितलेली कुठलीही गोष्ट तुम्ही घडलेली धरत नाही, म्हणून हा लेखी प्रपंच.

नोकरी पक्की झालेली नाही. का झालेली नाही हे सांगण्याआधी ती कसली आहे ते सांगतो, कारण तुम्ही कॉलनीत मी आर्किटेक्ट असल्याचं सांगितल्यापासून सुभाषरावांनी मला त्यांच्या गॅलरीचे फोटो पाठवून ग्रिल आतून बसवू की बाहेरून असं दोनदा विचारलं आहे. काका, मी एंटरप्राइझ आर्किटेक्ट आहे. यात वीट नाही, सिमेंट नाही, गॅलरी तर नाहीच नाही. आमच्या कंपनीचे कारखाने किलकेनीला आणि एनिसला, मुख्य कचेरी डब्लिनला. गुडघ्यातला एकच स्क्रू डब्लिनच्या कॉम्प्युटरात एका नावाने नांदतो आणि किलकेनीच्या कॉम्प्युटरात दुसऱ्या. एनिसमध्ये तो कॉम्प्युटरच्या सिस्टीममध्ये नाहीच, तो एका माणसाने स्वतः बनवलेल्या एक्सेलमध्ये आहे, आणि ते एक्सेल कसं चालतं हे त्या माणसाखेरीज कोणालाही ठाऊक नाही. या सगळ्यांची एकच सिस्टीम करायची, हे माझं काम. त्यासाठी मी चौकोन काढतो आणि ते बाणांनी जोडतो. हे एका दुपारचं काम आहे. उरलेलं वर्ष त्या चौकोनांना लोकांची संमती मिळवण्यात जातं.

या लोकांना स्टेकहोल्डर म्हणतात. मराठी वर्तमानपत्रं त्याला भागधारक म्हणतात, ते चूक आहे. तुमच्या खात्यातला शब्द जास्त बरोबर आहे: प्रकल्पग्रस्त. फरक इतकाच की तुम्ही धरण बांधायचात आणि मग प्रकल्पग्रस्त मोर्चा काढायचे. आमच्याकडे मोर्चा आधी असतो, त्याला वर्कशॉप म्हणतात, आणि मोर्चेकऱ्यांना बिस्किटं आम्हीच द्यायची असतात. स्टेकहोल्डरला आमच्या कामातून काहीही मिळणार नसतं, पण ते अडवणं मात्र त्याच्या हातात असतं. असा माणूस ओळखायचा, त्याच्याशी गोड बोलायचं, त्याला सगळं आधीच ठाऊक होतं असं त्याला वाटू द्यायचं आणि मग सही घ्यायची, यावर इथे पदव्या मिळतात. (काकू हे तुमच्याबाबतीत चाळीसेक वर्षं बिनपदवीचं करत आल्या आहेत.)

आता पेच ऐका. संचालक मंडळाने सांगून ठेवलं आहे की दोन्ही कारखान्यांच्या प्रमुखांच्या सह्या मार्चअखेर आल्या तर प्रकल्प पुढे जाईल, नाहीतर बंद. प्रकल्प पुढे गेला तर माझी नोकरी पक्की. बंद झाला तर माझं कंत्राट संपलं, कंत्राटाबरोबर परमिट संपलं, आणि उल्काने इतक्या खटपटीने मिळवलेली प्रयोगशाळेतली नोकरी, रेवाची शाळा, तिच्या मैत्रिणी, हे सगळं गुंडाळून आम्ही परत. मला परत यायची लाज नाही, काका, पण अशा रीतीने, एका स्क्रूच्या नावावरून यायची भीती वाटते. ही भीती मी घरात बोलून दाखवत नाही. तुम्हाला लेखी देतो आहे.

किलकेनीची सही सोपी गेली. तिथल्या बाईंना मी काहीही दाखवलं तरी त्या ग्रँड म्हणायच्या. ग्रँड म्हणजे भव्य नव्हे. ग्रँड म्हणजे ठीक आहे, असू दे, चहा थंड होतोय. पाय मोडलेल्या माणसालाही विचारलंत तर तो ग्रँडच असतो. तर त्यांनी ग्रँड म्हणून सही केली आणि मी स्वतःला मोठा मुत्सद्दी समजायला लागलो. इथेच घात झाला.

माझी वरिष्ठ ग्रॉन्या नावाची बाई आहे. दिवाळीच्या सुमारास तिने मला बोलावून सांगितलं की किलकेनी झालं, छान झालं, पण एनिसला खरी गाठ आहे, तिथे 'युअर मॅन'ला आधी आपल्या बाजूला घ्यायला हवं. युअर मॅन. म्हणजे तुझा माणूस. म्हणजे आपला माणूस! काका, मंत्रालयात आपला माणूस आहे का, जिल्हा परिषदेत आपला माणूस आहे का, हे ऐकत मी तुमच्या घरात लहानाचा मोठा झालो. परदेशात सगळं नियमाने चालतं, इथे तसलं काही नसतं, अशी माझी समजूत होती. आणि इथे बॉस स्वतः होऊन, भर ऑफिसात, दार उघडं ठेवून सांगत होती की आपल्या माणसाला धर. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. एनिसच्या कारखान्यात माझा माणूस कोण? परेश! सख्खा चुलत भाऊ, तिथेच क्वालिटी विभागात इंजिनिअर. मी म्हटलं, काळजी सोडा.

त्यानंतर मी परेशला जे काही मॅनेज केलं, त्याला तोड नाही. दर शनिवारी तो एनिसहून बसने यायचा, उल्का थालीपिठं लावायची, मी चौकोन दाखवायचो. त्याला प्रत्येक चौकोन आवडायचा. एकदा तर एक बाण उलटा पडला होता, तोही त्याला आवडला. सोमवारी ग्रॉन्या विचारायची, युअर मॅन काय म्हणतो? मी म्हणायचो, तो खूश आहे. ती चकित व्हायची. खूश? हो, खूश, शनिवारी आमच्याकडेच होता, चार थालीपिठं खाल्ली आणि सोफ्यावर झोपला. ती माझ्याकडे अशी बघायची, जणू मी वाघ पाळला आहे. फेअर प्ले टू यू, म्हणजे शाबास रे, म्हणायची. पुढे पुढे कचेरीतले इतर लोकही जिन्यात थांबवून विचारायला लागले की तो खरंच तुमच्याकडे येतो का आणि तुमच्या मुलीशी पत्ते खेळतो का. मी म्हणायचो, हो, आणि हरला की रडतो. (परेश हरला की अजून रडतो, हे तुम्हाला माहीत आहेच.) ही मंडळी माझ्या नातेवाइकांत एवढा रस घेतात हे पाहून मला हा देश फार माणुसकीचा वाटायला लागला होता.

फेब्रुवारीत संचालकांपुढे बैठक झाली. एनिसचा कारखानाप्रमुख मॅलकी हेहर व्हिडिओवर होता. मी त्याला पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं, आणि तेव्हाही पाहिलं असं म्हणवत नाही, कारण स्क्रीनवर त्याचं फक्त कपाळ दिसत होतं. पण त्या कपाळाचा आमच्या आराखड्याला विरोध आहे हे लांबूनही कळत होतं. मी बोलायला उभा राहिलो तसं कपाळ म्हणालं, हू इज युअर मॅन? मला वाटलं, चौकशी योग्य आहे, एनिसमध्ये तुझा माणूस कोण असं विचारतोय. मी अभिमानाने सांगितलं, परेश आगाशे. कपाळ खाली सरकलं आणि त्याच्या जागी मोठा लालसर चेहरा आला. परेश? असं त्याने विचारलं, ते अशा काही सुरात की त्याचा अर्थ मला तेव्हा अजिबात कळला नाही.

तर काका, या देशात युअर मॅन म्हणजे आपला माणूस नव्हे. युअर मॅन म्हणजे तो, तोच तो, ज्याच्याबद्दल चाललंय तो इसम. त्याचा तुमच्याशी काडीचाही संबंध असावा लागत नाही. ग्रॉन्या इतके दिवस ज्या युअर मॅनबद्दल विचारत होती तो मॅलकी होता. आणि मॅलकीने कपाळ वर करून विचारलं होतं की हा उभा राहिलेला प्राणी कोण, म्हणजे त्या वाक्यातला युअर मॅन मी होतो. इकडे अख्ख्या मुख्य कचेरीची अशी खात्री पटलेली होती की एनिसचा मॅलकी हेहर, ज्याने आजवर तीन सिस्टीमवाले रडवून परत पाठवले, तो दर शनिवारी ल्यूकनला येऊन थालीपिठं खातो आणि पत्त्यांत हरला की रडतो. ग्रॉन्या हसता हसता खुर्चीवरून घसरली. हसून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि सांगितलं की मार्चअखेरची तारीख मात्र हलणार नाही.

मग मी एनिसला गेलो. मॅलकीने कँटीनमध्ये चहा पाजला, त्याचं एक्सेल दाखवलं. ते एक्सेल नाही, गाव आहे. त्यात गल्ल्या आहेत, बोळ आहेत, एका कोपऱ्यात हर्लिंगच्या सामन्यांचे निकाल आहेत, आणि एक रकाना असा आहे की त्याला हात लावला तर काय होईल हे त्यालाही माहीत नाही. हे सगळं मोडून त्याच्या स्क्रूंना डब्लिनची नावं द्यायची, हे मी त्याला कसंबसं सांगितलं. मी विचारलं, आराखडा वाचून सही करशील का? तो म्हणाला, आय विल, या. मी ग्रॉन्याला गाडीतूनच फोन केला की काम फत्ते, त्याने एकाच वाक्यात दोनदा हो म्हटलं आहे, करीन आणि हो. तिने समजावलं की इथे एका वाक्यात दोन होकार आले की तो ठाम नकार धरायचा. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. तुम्ही बघू म्हणता, तेच हे.

त्यानंतर ते बर्फ पडलं आणि देश बंद झाला. दुकानातले सगळे पाव संपले. (संकटात माणसं देवाचा धावा करतात, इथली कापलेला पाव घेतात. शेजारच्या घरी मोजायला कठीण जातील इतक्या लाद्या होत्या, अजून खाताहेत.) आम्ही घरात अडकलो, मार्च पुढे सरकत राहिला, आणि शेवटी परेशचाच फोन आला. म्हणाला, दादा, ऑफिसात नको, रविवारी मॅलकीच्या घरी जेवायला चल, मी बोललो आहे. क्वालिटीतल्या साध्या इंजिनिअरने कारखानाप्रमुखाच्या घरचं आमंत्रण असं खिशातून काढावं याचं मला जरा नवल वाटलं, पण बुडत्याने चौकशी करू नये.

काल गेलो. काल इथे मातृदिन होता, म्हणून घर भरलेलं. एकाच ताटात बटाटा तीन रूपांत होता. मॅलकीच्या बायकोने ताटं काढायला सांगितली तर परेशने न विचारता बरोबर तेच कपाट उघडून तीच ताटं काढली. (कपाटाला इथे प्रेस म्हणतात. परेशही प्रेस म्हणाला.) जेवण होईपर्यंत मॅलकी स्क्रूविषयी चकार शब्द बोलला नाही. जेवणानंतर मला मागच्या कुरणात गाई दाखवायला घेऊन गेला आणि तिथे माझ्याच घराण्याची चौकशी सुरू केली. काका कसे आहेत? रागीट आहेत का? एकदा नाही म्हणाले की संपलं, असं आहे का? मी म्हटलं, छे, अत्यंत मोकळ्या मनाचे, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारे, पटलं तर मत बदलणारे. गाईसुद्धा माझ्याकडे बघायला लागली. मग मी आराखड्याचा विषय काढला. तो म्हणाला, वाचला आहे, बरा आहे, रकान्याला हात लावणार नसाल तर सही करीन. फक्त त्याआधी दुसरी एक संमती यायला हवी, दोन गोष्टी एकदम करायची मला सवय नाही.

तर नोकरीचं हे असं आहे. सगळं एका संमतीवर अडलं आहे. ज्यांच्याकडून ती यायची आहे ते वरिष्ठ अधिकारी निवृत्त आहेत, तत्त्वाचे पक्के आहेत, आणि हट्टी आहेत. पण मनाने वाईट नाहीत, असा माझा लहानपणापासूनचा अनुभव आहे.

उल्काचा तुम्हा दोघांना नमस्कार. रेवा हाय म्हणते. पाडवा जवळ आला आहे, इथे कडुलिंब मिळत नाही, पण कडू तोंड करायला ऑफिस आहे. श्रीखंड खाताना साखरेची आठवण ठेवावी.

तुमचा आज्ञाधारक पुतण्या (मार्चअखेरपर्यंत डब्लिनचा, पुढचं तुमच्या हातात),
अनिमेष

ता. क. पत्र पुरं केल्यावर लक्षात आलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. परेश मजेत आहे. सांगलीचा फोटो त्याने पाहिला नाही, कारण मी तो त्याला दाखवला नाही. त्याला मॅलकीची मुलगी आवडते. तिलाही तो आवडतो, त्याचं पत्त्यांतलं रडणं धरून. ती एनिसच्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे, नाव लिहायचं निआम्ह आणि म्हणायचं नीव्ह, का ते विचारू नये. मॅलकीचं म्हणणं असं की मुलाच्या वडिलांचा होकार त्यांच्या स्वतःच्या तोंडून ऐकल्याशिवाय तो काहीही करणार नाही, आणि काहीही म्हणजे मला हवी असलेली सहीसुद्धा त्यात आली. मला माहीत आहे, तुम्हाला हे आवडणार नाही. पण काका, आता मस्करी बाजूला ठेवून सांगतो. काल भांडी पुसताना ती दोघं कशावरून तरी हसत होती. परेशला मी तो जन्मल्यापासून ओळखतो, असा हसताना मी त्याला कधीही पाहिलेला नाही. तुम्हीही पाहिलेला नसणार. माझी नोकरी जाऊ दे. त्याला हो म्हणा.

ता. क. दुसरा. वरचं शेवटून दुसरं वाक्य भावनेच्या भरात लिहिलं गेलं. माझी नोकरी जाऊ देऊ नका.

ता. क. तिसरा. पोस्टाने पाडव्याआधी पोचणार नाही म्हणून हे पत्र काकूंच्या फोनवर पाठवलं, त्या छापून तुमच्या हातात देतील. त्यांनी ते आधी वाचलं आहे. (मी थोडे हट्टी लिहिलं होतं, थोडे त्यांनी खोडायला लावलं.) वाचून त्यांनी मला जे सांगितलं, ते आता लपवण्यासारखं नाही. दर रविवारी तुम्ही पर्वतीला जाता तेव्हा काकू नीव्हशी व्हिडिओवर बोलतात. गुडघ्याचे व्यायाम तीच शिकवते, आणि गुडघा तसाच आहे असं तुम्हाला सांगायचं हे त्यांचंच ठरलं होतं, तो बराच सुधारला आहे. काकूंनी होकार दिवाळीतच दिला. साखरपुडा जूनमध्ये एनिसला आहे, हॉल घेतला आहे, तुम्हा दोघांच्या व्हिसाचे कागद भरून झाले आहेत, ज्यावर तुम्ही गेल्या आठवड्यात बँकेचं काम समजून सही केलीत. तुम्हाला विचारायची पद्धत आहे म्हणून विचारलं. काही हरकत असल्यास पाडव्यापर्यंत लेखी कळवावी, तिची नोंद घेतली जाईल.